दाजीपूरचे रातकिडे आणि तालमीतली हलगी: प्रीअँप घ्यावा की रेकॉर्डर बदलावा?

रंकाळा_काठ: दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला पावसाळ्यातले बेडूक-रातकिडे रेकॉर्ड करायचे आहेत, शिवाय कुस्तीच्या मैदानातलं हलगी-घुमकं. झूम एच५ रेकॉर्डर आणि एसएम५८ माइक आहे. शांत आवाज घेताना मागं सूंऽऽ फार येतं. वेगळा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) लावला तर जाईल का?

घाटमाथा: आधी माइक बदला. एसएम५८ एका पास्कलला (म्हणजे ९४ डीबीच्या आवाजाला) १.८५ मिलिव्होल्ट देतो. २० डीबीच्या शांततेत त्यातून निघतात जेमतेम ०.३७ मायक्रोव्होल्ट. एच५ चा इनपुट नॉइज (त्याच्या सर्किटची स्वतःची खरखर) सुमारे −१२० डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक), म्हणजे ०.७७ मायक्रोव्होल्ट. सिग्नलच्या दुप्पट गाळ! १५० ओहमच्या माइकला −१३१ डीबीयूच्या खाली कुठलाच प्रीअँप जाऊ शकत नाही, तो रोधाचाच उष्णताजन्य नॉइज. त्यामुळं कितीही महागडा प्रीअँप घेतला तरी फायदा १०-११ डीबीच.

त्याउलट रोडचा पाचव्या पिढीचा एनटी१ हा कंडेन्सर माइक पाहा. एका पास्कलला २५ मिलिव्होल्ट, सेल्फ नॉइज (माइकचा स्वतःचा नॉइज) ४ डीबीए. त्याच शांततेत ५ मायक्रोव्होल्ट, तेराचौदा पट.

तांब्याची_तार: घाटमाथा यांचं बरोबर, पण एनटी१ आल्यावर रेकॉर्डरचा प्रश्न उरतोच. त्या माइकचा स्वतःचा नॉइज साधारण ०.७९ मायक्रोव्होल्ट, जवळजवळ एच५ इतकाच. दोन्ही मिळून ३ डीबी वाढतात. झूम एफ३ या रेकॉर्डरचा नॉइज −१२७ डीबीयू, तिथं वाढ १ डीबीच्या आत. म्हणून पैसे साठले की एफ३. वेगळा प्रीअँप एच५ ला जोडून फारसं साधत नाही, कारण एनटी१ चा स्वतःचा नॉइज तसाच राहतो, फायदा फार तर ३ डीबी. जोडायचाच तर एच५ चा गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) अगदी खाली आणि फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद.

रंकाळा_काठ: एफ३ ला गेनचं बटणच नाही म्हणे. मग हलगीला लेव्हल लावायची गरजच नाही?

तांब्याची_तार: एफ३ वापरतो त्या ३२-बिट फ्लोट पद्धतीत फाइल क्लिप होत नाही (जोराचा आवाज कापला जात नाही), माइक मात्र होतो. कॅप्सूलमध्ये (आवाज पकडणाऱ्या भागात) किंवा माइकच्या सर्किटमध्येच आवाज फाटला की नंतर काही दुरुस्त होत नाही. हलगीवर काडी पडते तो ठोका क्षणभराचा पण जबर असतो. मॅक्स एसपीएल (माइक पेलू शकतो तो कमाल आवाज) १३० डीबीच्या वरचा माइक घ्या आणि दोन-तीन मीटर लांब ठेवा. एच५ वर २४-बिटला सगळ्यात जोराचा ठोका मीटरवर −१२ डीबीला येईल असा गेन ठेवा.

घाटमाथा: दाजीपुरात वारं आणि दमट हवा जास्त त्रास देतात. नुसता फोम पुरत नाही, केसाळ विंडशील्डच हवं. कंडेन्सर माइक ओल धरला की चरचरतो. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि एसीच्या गाडीतून काढल्यावर डब्यातच अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. फँटम सुरू असला की सेल लवकर संपतात. पॉवरबँक लावत असाल तर आधी घरी तासभर चालवून बघा, कमी करंट ओढला जातोय म्हणून काही पॉवरबँका आपोआप बंद पडतात.