पडवीच्या भिंतीला काय लावावं?

रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराच्या पडवीला पीव्हीसी पॅनल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या लावा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. मी तरी तो देणार नाही. चिरा पाणी पितो. पॅनलमागे ओल कोंडते, बुरशी धरते, शिवाय पाली-मुंग्यांची सोय होते ती वेगळीच.

छप्पर असलं तरी झड आत येतेच. पण खरा मार खालच्या दोन-अडीच फुटांना. पागोळ्या अंगणात आपटतात आणि लाल मातीचे शिंतोडे नेमके तिथेच उडतात. तेवढ्या पट्ट्याला डॅडो करा, म्हणजे भिंतीवर कोटा दगडाची फरशी बसवा. तुकडे घेतलेत तर स्वस्तात पडतं. त्याच्या वर साधा सिमेंट पेंट पुरे. मात्र भिंत आधी ओली करून घ्यायची आणि रंग धरल्यावर त्यावर पाणी मारायचं. पेंटर हे हमखास टाळतात, मग हात लावला की पांढरी पूड निघते. जुना डिस्टेंपर असेल तर आधी पूर्ण खरवडा.

बजेट असेल तर बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग लावा, पण नव्या गिलाव्यावर किमान 28 दिवस थांबून. आतल्या भिंतींसाठीची पुट्टी बाहेर नकोच, पापुद्रे सुटतात.

काम फेब्रुवारी-मार्चात काढा. भिंती सुकलेल्या असतात आणि विहिरीला पाणीही असतं.