लेकरू कोणापाशी ठेवलं होतं?

कपाशीवाली
काल संध्याकाळी बाजूच्या वावरातून फवारणीचा वास घरात शिरला अन् माझे हातपायच गळाले. २०१७ चा सप्टेंबर आठवला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी काय झालं ते सांगायची गरज नाही, कपाशीवर फवारताना औषधाची विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यानं भरती होती. आमचे हे त्यातलेच एक. वावरातून भिंत धरत धरत आले, म्हणे डोळ्याले दिसूनच नाई राहिलं. रातोरात गाडी करून यवतमाळ. मोठी सहा वर्षांची, तिला भाऊ येऊन घेऊन गेला. लहाना अडीच वर्षांचा, अंगाला चिकटलेला, अन् वॉर्डात लेकरू चालणार नाही असं आधीच कोणीतरी सांगितलेलं. सासू नाही, जाऊ पुण्याला. तर समोरची काकू, जिच्यासंग धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणापायी तीन वर्षं बोलणं बंद, ती अंधारात येऊन उभी राहिली अन् म्हणे "दे त्याले इकडं." बस एवढंच.
अकरा दिवस होता तिच्याकडं. मी एक फोन केला नाही, नंबरच नव्हता माझ्यापाशी! घरी आली तर लेकरू माझ्याकडं येईना, तिच्या पदरामागं लपलं. उपकार वाटायचे सोडून मला रागच आला तिचा, खोटं कशाला बोलू. आज तो ऊन-पाण्यात हिंडणारा घोडा झालाय पण गोळाभात मात्र समोरच्या काकूचाच पाहिजे.
तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलं? लिहा.

संत्रेवाला मोर्शी
बायकोचं ऑपरेशन, नागपूर, २२ दिवस. तिच्यासंग तिची माय, घरी मी अन् चार वर्षांची पोरगी. आंबिया बहाराचा माल तोडाईले आलेला. सकाळी अंगणवाडीत सोडायचो पण ते दुपारी सुटते ना बाप्पा, मग पोरगी बगिच्यात खाटेवर, मजूर बाया आळीपाळीनं पाहायच्या. जेवणाचं जमलं. वेणीचं नाही जमलं. बैलाले वेसण घालता येते तर वेणी काय चीज आहे म्हणून बसलो, अर्धा तास. अंगणवाडीच्या मदतनीस बाईनं पाहिलं अन् काही न बोलता सोडून नवीन घालून देली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी घरून केस मोकळेच ठेवून जाय, म्हणे "बाबा तू नको."

आर्वीची
😂😂 वेसण
कुकर लावलाय, रात्री लिहिते माझं

नाव नको
मला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी झोपूनच राहा सांगितलं. मोठीला नात्यातच ठेवली, दीड महिना, घरातलेच लोक, शंका यायचं कारणच नव्हतं. परत आली तर जेवण झाल्याबरोबर उठली, स्वतःचं ताट घासलं, मग माझंही उचललं. सहा वर्षांची. सगळे म्हणाले किती गुणाची झाली हो पोरगी. मी न्हाणीत जाऊन रडली. तिनं आजवर काही सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही.

कपाशीवाली
ताई...

संत्रेवाला मोर्शी
माफ करा ताई, मी वर मस्करी करून राहिलो होतो.

नाव नको
अहो दादा तुमचं वाचूनच तर हसली आज, काही नाही होत.

वाशिमवाला
कामाचं सांगतो, कोणाले तरी लागेल. एक, १०९८, लेकरांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. लेकराले खरंच कोणीच नसलं तर तिथून जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंत गाठ पडते, तात्पुरता आसराही तीच समिती ठरवते. दुसरं, बाल संगोपन योजना, आता सावित्रीबाईंच्या नावानं आहे. मायबाप लंबे आजारी, एकच पालक उरला, असं असलं तर लेकरू घरीच किंवा नातेवाइकाकडं राहते अन् त्याच्या खर्चाला महिन्याला पैसे येतात. आधी ४२५ होते, मग ११००, २०२३ पासून २२५०. अर्ज महिला व बाल विकासच्या जिल्हा ऑफिसात. मी वहिनी गेल्यावर पुतण्यासाठी केला. दाखले जमवता जमवता चपला झिजल्या, एसटीनं कितीदा गेलो मोजलंच नाही. पण मिळते, सोडू नका. फक्त रात्री दोन वाजता कोणाले साप चावला तर योजना धावत येत नाही, तेव्हा शेजारीच लागतो.

पुसदकर
गोळाभात कसा करते काकू? आमच्या घरी गोळे फुटतात.

कपाशीवाली
चण्याची डाळ भरड दळायची, बेसन नाही! तिखट, हळद, मीठ, तेलाचं मोहन सढळ हातानं. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवायचे अन् झाकण घालून विसरून जायचं. तुम्ही ढवळत असाल.

पुसदकर
बायको म्हणते मीच ढवळतो. बरोबर आहे 🙏

धारणीची आशा
मी आशा सेविका आहे. आमच्या मेळघाटात उलटं असतं. लेकरू कुपोषित, चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं, आईला संग राहावं लागते, जेवण मिळते, बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळते. पण ती म्हणते घरी अजून दोघं आहेत, त्यांना कोण? अन् ती काही हट्टी नाही, बरोबरच विचारते. एकीला मी तिसऱ्यांदा समजवायला गेली तर तिची सासू बकऱ्या सोडून घरी बसायला तयार झाली, तेव्हा ती आली. मग बकऱ्या कोण पाहील यावर पुन्हा अर्धा दिवस. शेवटी माझ्या नवऱ्यानं चारल्या. खरं सांगते, चौदा दिवस. रजिस्टरात याचा रकाना नाही.

आर्वीची
कुकर उतरला. माझं छोटंच आहे, सेवाग्रामच्या दवाखान्यात सासऱ्यांजवळ होती तेव्हा पोराला घरमालकीण बुढीनं सांभाळलं, चार दिवस. पैसे द्यायला गेली तर भांडली माझ्याशी. साडी नेली तर तीही परत. आता कधी आमच्याकडं आली की पोराला म्हणते, "माह्या भाड्याचे चार दिवस बाकी हाय तुह्याकडं." तो दहावीत आहे, लाजून आत पळतो.

वाशिमवाला
कपाशीवाली ताई, भाऊ बरे आहेत ना आता? अन् त्या धुऱ्याचं काय झालं शेवटी?

कपाशीवाली
हे बरे आहेत. डाव्या डोळ्याला थोडं धुकट दिसते, फवारणी बंदच केली आम्ही घरच्या माणसानं.
धुरा तिथंच आहे. दोनदा मोजणी झाली, दोघांनाही मान्य नाही. तहसीलात तारीख असली की मी अन् काकू एकाच आटोनं जातो, भाडं अर्धं अर्धं. मागच्या तारखेला तिनं येताना माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती अन् आत गेल्यावर साहेबासमोर माझ्याच विरोधात बोलली, फाडफाड.