ब्रिटनची कोंडी: जर्मन पाणबुड्या आणि विमाने एकदिलाने का लढली नाहीत?

इतिहासवेडा
नमस्कार. दोन्ही महायुद्धांत जर्मनीने ब्रिटनवर पाण्याखालून आणि आकाशातून असा दुहेरी मारा केला. ब्रिटनचे अन्न, तेल आणि कच्चा माल समुद्रमार्गे येत होता, त्यामुळे जहाजे आणि बंदरे हीच त्याची दुखरी नस होती. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरे आणि विमानतळ दोन्ही जर्मनांच्या हाती आले. असे असताना सप्टेंबरपासून जवळजवळ दोन महिने रोज रात्री लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्या लुफ्तवाफेने (जर्मन हवाई दलाने) तीच ताकद पाणबुड्यांच्या जोडीने का वापरली नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गलबत
मुख्य कारण लुफ्तवाफेचा प्रमुख गोअरिंग. विमान म्हटले की ते आपल्याच हुकमतीत राहिले पाहिजे हा त्याचा हट्ट होता, आणि त्यापायी जर्मन नौदलाला स्वतःचे असे समर्थ विमानदल कधी उभारताच आले नाही. समुद्रावर दूरवर टेहळणी करू शकणारी कोंडोर विमाने मुळात प्रवासी विमानाच्या आराखड्यावरून बनवलेली होती आणि तीही मोजकीच होती. तरीही एकत्र काम जमले की काय घडते हे 'एम्प्रेस ऑफ ब्रिटन'च्या बाबतीत दिसले. बेचाळीस हजार टनांच्या या जहाजाला २६ ऑक्टोबर १९४० रोजी आयर्लंडच्या पश्चिमेस कोंडोरने बॉम्ब टाकून पेटवले आणि दोन दिवसांनी, ते ओढून नेले जात असताना, यू-३२ या पाणबुडीने त्याला जलसमाधी दिली.

जानेवारी १९४१ मध्ये हिटलरने कोंडोरची तुकडी पाणबुडीप्रमुख डॉनिट्झच्या हाती सोपवली खरी, पण दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा लुफ्तवाफेकडे गेली. शिवाय वैमानिकांनी कळवलेले ब्रिटिश जहाजांच्या ताफ्याचे ठिकाण अनेकदा चुकीचे निघे, आणि पाणबुड्या रिकाम्या समुद्रात शोध घेत बसत. त्या तरी किती होत्या? युद्ध सुरू झाले तेव्हा ५७. डॉनिट्झची मागणी होती ३०० ची.

बंदरांकडे दुर्लक्ष झाले असे मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९४१ च्या आदेशात हिटलरने बंदरे आणि जहाजवाहतूक हेच हवाई हल्ल्यांचे मुख्य लक्ष्य ठरवले, आणि त्यानंतर क्लाइडबँक, प्लिमथ, हल, बेलफास्ट ही शहरे होरपळली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिव्हरपूलवर सलग हल्ले झाले. तेथील हस्किसन गोदीत सुमारे हजार टन दारूगोळा भरलेले 'मलाकंद' जहाज पेटले, तासन् तास त्याचे स्फोट होत राहिले आणि गोदीचा तो भाग नामशेष झाला. अटलांटिकमधील संरक्षणाचे मुख्यालयही याच शहरात होते. हा मारा आणखी काही महिने चालला असता तर ब्रिटनची अवस्था बिकट झाली असती असे माझे मत आहे. पण रशियावरील स्वारीसाठी बॉम्बफेकी विमाने पूर्वेकडे हलवण्यात आली.

पानगळ
वरील विवेचन पटले. मात्र पहिल्या महायुद्धात पाणबुड्या एकट्याच विजयाच्या फार जवळ पोहोचल्या होत्या, हे विसरता कामा नये. दरमहा सहा लाख टन जहाजे बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन तहाला तयार होईल, असा हिशेब जर्मन नौदलाने मांडला होता, आणि एप्रिल १९१७ मध्ये प्रत्यक्ष बुडालेली जहाजे आठ लाख टनांच्या पुढे गेली. त्याच सुमारास गोथा ही जर्मन बॉम्बफेकी विमाने इंग्लंडवर येऊ लागली. १३ जून १९१७ च्या हल्ल्यात लंडनमध्ये १६२ माणसे मेली. त्यांत पॉप्लरमधील एका शाळेतील १८ मुले होती. लोकक्षोभ प्रचंड झाला, त्यातूनच पुढे स्वतंत्र रॉयल एअर फोर्स उभे राहिले, पण धान्याच्या आयातीला या विमानांनी काहीही धक्का लावला नाही.

ब्रिटनला वाचवले ते ताफा पद्धतीने, म्हणजे जहाजांनी युद्धनौकांच्या संरक्षणात गटाने जाण्याच्या रीतीने, आणि नौदल खाते तिला कितीतरी दिवस नकार देत राहिले. आठवड्याला अडीच हजार जहाजे ये-जा करतात, एवढ्यांना संरक्षण कोठून देणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. या आकड्यात किनाऱ्यालगत फिरणारी लहानसहान जहाजेही धरलेली होती. महासागर ओलांडून येणारी जहाजे आठवड्याला जेमतेम १२० ते १४० भरत होती. हा खुलासा झाल्यावर मे १९१७ मध्ये पहिले ताफे निघाले आणि पुढे नुकसान आटोक्यात आले.

इतिहासवेडा
दोघांचेही आभार. मग दुसऱ्या महायुद्धात ताफे पहिल्यापासून असूनही १९४२ मध्ये एवढी जहाजे का बुडाली?

कोकणकिनारा
आधी एक नोंद. बुडणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर आपली माणसे होती. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि त्यांचे सारंग, तर प्रवाशांच्या सेवेत गोव्याचे लोक, अशी अनेक कंपन्यांची रीत होती. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील कुडांमध्ये (गोवेकरांच्या सामाईक निवासांत) राहून हे गोवेकर जहाजावरच्या कामाची वाट पाहत. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्यू पावले. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' बुडाले, तेव्हा त्याच्या एका होडीत आठ दिवस तग धरून राहिलेल्या ४६ जणांपैकी बहुतेक भारतीय खलाशीच होते, आणि ती होडी दिसली ती गस्तीवरच्या सुंदरलंड विमानाला.

आता आपला प्रश्न. अटलांटिकच्या मधोमध असा पट्टा होता जेथे कोणत्याही किनाऱ्यावरून विमान पोहोचत नव्हते, आणि पाणबुड्यांच्या टोळ्या तेथेच ताफ्यांवर तुटून पडत. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने तो पट्टा भरून काढू शकत होती, परंतु बॉम्बर कमांडचा (ब्रिटिश बॉम्बफेकी विमानदलाचा) प्रमुख हॅरिस याचा आग्रह असा की, मोठी विमाने जर्मन शहरांवरच गेली पाहिजेत. त्यातच फेब्रुवारी १९४२ पासून दहा महिने पाणबुड्यांचे सांकेतिक संदेश ब्रिटिशांना उलगडत नव्हते. १९४३ च्या वसंतात लिबरेटर, विमानवाहू छोटी जहाजे आणि नवे रडार एकदम कामाला लागले. एकट्या मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मे रोजी डॉनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघारीचा आदेश दिला. मूठभर लिबरेटर विमाने वर्षभर आधी मिळाली असती तर हजारो खलाशी वाचले असते, असे मला ठामपणे वाटते.