खूण आणि खुंटा

‘फलन न झालेल्या अंड्यात जीव नसतो, म्हणून तेही दुधासारखेच निर्दोष’ असे मत पुष्कळदा मांडले जाते; मला ते निम्मेच पटते. बाजारातली अंडी बहुतेक कोंबड्याविना घातलेली असतात हे खरे. परंतु अंड्यांसाठी पोसलेल्या जातींचे नर पिल्लू ना अंडी देते, ना मांसासाठी परवडते, म्हणून ते सहसा जन्मताच मारले जाते. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली.

दुधाविषयी मात्र आपण गप्प राहतो. इंदूरला लहानपणी घराजवळच्या गोठ्यावर मी किटली घेऊन जात असे. रेडकाला दोन घोट पिऊ देऊन म्हशीने पान्हा सोडला, की त्याला ओढून खुंट्याला बांधत, आणि ते नर असले तर काही आठवड्यांत खंगून दिसेनासे होई. व्याल्याशिवाय दूध नाही, आणि जन्मणाऱ्यांत साधारण निम्मे नर असणारच. आपल्या कायद्याने वेष्टनावर अंड्याच्या पदार्थांना मांसाहाराची तपकिरी आणि दुधाच्या पदार्थांना शाकाहाराची हिरवी खूण दिली आहे, पण ती केवळ घटक सांगते. मी दूध सोडलेले नाही. मात्र रेडकासाठी म्हशीचे एक सड न पिळता राखणाऱ्या गवळ्याकडूनच घेतो, आणि त्याचा वाढीव भाव मला रास्त वाटतो.