गाडीची काच मध्येच अडकते तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

काल पाऊस सुरू असताना शेजारच्या गाडीतले काका एका हाताने काच वर ओढतायत आणि दुसऱ्या हाताने बटण दाबतायत असं दिसलं आणि आमची जुनी गाडी आठवली. तिची मागची काच खाली जायची, वर यायचं नाव नाही. मेकॅनिकने बघताक्षणी मोटर गेली म्हणून सांगितलं, पण बाबा म्हणाले थांबा जरा. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, बटण दाबून दाराला कान लावला तर काहीच आवाज नाही. मग तीच काच ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणाने चालवली तर सरळ वर! म्हणजे मोटर ठणठणीत, मागच्या दाराचं बटणच खराब. आत कॉन्टॅक्ट काळे पडले होते, क्लीनर मारून साफ केले, पुढे गाडी विकेपर्यंत चाललं ते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दाराचं पॅड उघडण्याआधी कान लावा. तुमच्याकडे काय काय झालंय?

-----

आमच्याकडे उलटं, मोटर फिरल्याचा आवाज मस्त यायचा पण काच ढिम्म. रेग्युलेटरची, म्हणजे दारातल्या काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटून गुंता झालेला. पॅड काढायच्या आधी काच वर ओढून फ्रेमला चिकटपट्टीने घट्ट बांधा, नाहीतर दारात खाली पडते. आणि आत हात असताना कोणालाही बटणाला हात लावू देऊ नका प्लीज, बोट सापडतं. दारात एअरबॅग असेल तर आधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचं.

-----

ड्रायव्हरची चालते आणि बाकी तिन्ही बंद?? आधी ड्रायव्हरच्या दारावरचं बाकीच्या काचा लॉक करायचं बटण बघा. चारही बंद असतील तर फ्यूज किंवा रिले (काचांना करंट चालू-बंद करणारा स्विच). फ्यूज परत परत उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळते

-----

लॉकवरून आठवलं, माझी भाची सारखी बटणाशी खेळते, मी तर मुलं मागे असली की लॉक करूनच ठेवते. आता बऱ्याच गाड्यांत काच वर करायला बटण ओढावं लागतं ना, ते मुलांसाठीच आहे. जुन्या पद्धतीच्या बटणावर मूल गुडघा टेकून उभं राहिलं की काच वर यायची आणि डोकं बाहेर असेल तर... नकोच तो विचार.

-----

ताई अगदी बरोबर. गाडीतून उतरताना चावी काढून घ्यायची, पाच मिनिटांसाठी असलं तरी.

-----

माझं प्रकरण लय डोकं खाणारं होतं, काच कधी चालायची कधी नाही, फ्यूज बदलला बटण बदललं मोटर पण काढून टेस्ट केली सगळं ओके, मग एकदा दार अर्धं उघडं असताना बटण दाबलं तर लगेच चालली आणि दार लावलं की परत बंद, तेव्हा ट्यूब पेटली. दार आणि बॉडीच्या मधे ते काळं रबरी नळकांडं असतं ना त्यातली वायर दार उघडून लावून आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक शाबूत. नुसतं बघून कळत नाही, एकेक वायर हलकी ओढायची, तुटलेली रबरासारखी ताणली जाते. ड्रायव्हरच्या दारात हे जास्त होतं, तेच सगळ्यात जास्त वेळा उघडतं.

-----

एक विचारू का? बॅटरी बदलल्यापासून माझी काच पूर्ण वर जाते आणि आपोआप परत खाली येते. भूत आहे का काय 😅

-----

भूत नाही हो 😂 मधे हातबित आला तर काच मागे फिरावी म्हणून सोय असते. बॅटरी काढली की काही गाड्या काचेची वरची हद्द विसरतात. काच अगदी वर न्या आणि बटण काही सेकंद तसंच ओढून धरा. गाडीगाडीत थोडा फरक असतो, मॅन्युअलमध्ये बघा. शिकवून होईपर्यंत हात मधे घालू नका

-----

हळू चालत असेल तर मोटरला दोष देण्याआधी काचेच्या कडेचे रबर चॅनेल बघा. धूळ बसून काच घासते आणि मोटरवर लोड येतो. ओल्या कपड्याने पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे. तेल ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं आणि धूळ अजून चिकटते. सारखी वरखाली केल्यावर मोटर अचानक थांबली तर थोडा वेळ सोडून द्या, गरम झाल्यावर ती स्वतःच बंद होते आणि गार झाली की चालते.

-----

हँडल फिरवायच्या काचा बऱ्या होत्या राव. दंडाचा व्यायाम फुकट

-----

हँडलवाल्या पण घसरायच्या की, दात झिजले की नुसतं गरागरा फिरायचं!

बरं, रस्त्यात अडकलात तर एकाने बटण ओढून धरायचं आणि दुसऱ्याने काच आतून बाहेरून दोन तळव्यांत दाबून वर सरकवायची. मोटर मुकी असेल तर बटण दाबून ठेवून पॅडवर मुठीने ठोका, मोटरच्या आतले करंट पोचवणारे कार्बन झिजले असतील तर तेवढ्यापुरती चालते. मग ती काच वरच ठेवा, मोटर बदलेपर्यंत हात लावू नका.

-----

भूतवाली गाडी माझी 🙋 वर धरून ठेवलं, झाली नीट! थँक्यू सगळ्यांना. आता मागची डावी घासत वर येतेय, स्प्रे आणून बघते. वायरवाल्या दादा, तुम्ही ती वायर जोडली की अख्खी वायरिंग बदलली?