सोसायटी ग्रुप: सीईटीला ९१, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, फॉर्म भरायचा कसा?

वैशाली (सी-३०२): नमस्कार मंडळी. पोरीचा इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला, पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ९१.४ पर्सेंटाइल. ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर आहे. घरचं उत्पन्न ३ लाख ४० हजार. तिला कॉम्प्युटर नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे. एका खासगी विद्यापीठाचे रोज फोन यायलेत, "५० टक्के स्कॉलरशिप देतो, महिनाअखेरच्या आत २५ हजार भरून सीट पक्की करा." भरावेत का?

कुलकर्णी सर (ए-१०१): भरू नका. आधी विचारा, ५० टक्के कशाचे? बहुतेक ठिकाणी ही सूट फक्त ट्यूशन फीवर असते आणि पहिल्या वर्षापुरती. पुढच्या वर्षी ठरावीक सीजीपीए (गुणांची सरासरी) राखला तरच चालू राहते. तीन गोष्टी लेखी मागा: चारही वर्षांचा फीचा तक्ता, सूट टिकवायची अट, आणि प्रवेश रद्द केला तर किती परत. फोनवरचं काही धरू नका.

कुलकर्णी सर (ए-१०१): आणि यापेक्षा मोठी गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेऱ्यांतूनच पाहिजे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत, मॅनेजमेंट कोटाही नाही. म्हणजे तिकडे २५ हजार भरून सीट घेतली की सरकारची पूर्ण माफी हातची गेली.

जाधव (डी-४०२): सर, मुलाचं काय? आमचा पण यंदाच आहे, ८८. एसईबीसी.

कुलकर्णी सर (ए-१०१): मुलाला राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेत निम्मी ट्यूशन आणि निम्मी परीक्षा फी. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते. समजण्यासाठी आकडे धरू: ट्यूशन ८५ हजार, डेव्हलपमेंट फी १० हजार. तुमच्या मुलाला साधारण ५२,५०० पडतील, वैशालीताईंच्या मुलीला १० हजार. चार वर्षांत २ लाख १० हजार विरुद्ध ४० हजार. त्या विद्यापीठाची फी ३ लाख धरली, तर सूट चारही वर्षं टिकूनसुद्धा ६ लाख. कॉलेजची खरी फी फी रेग्युलेटिंग अथॉरिटीच्या वेबसाइटवर संस्थेच्या नावाने दिसते, तिथूनच घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲप पीडीएफवर जाऊ नका.

जाधव (डी-४०२): मग मुलाला पूर्ण माफी कशातच नाही का?

कुलकर्णी सर (ए-१०१): टीएफडब्ल्यूएस आहे ना. ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा, म्हणजे ६० च्या वर्गात ३. उत्पन्न ८ लाखांच्या आत. ट्यूशन फी कॉलेज घेतच नाही, सरकारकडून पैसे यायची वाट बघावी लागत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. इथे जातीचं आरक्षण नसतं, सगळे मेरिट नंबरवर, त्यामुळे कटऑफ बहुतेकदा त्याच शाखेच्या ओपनपेक्षाही वर जातो. एकदा ही सीट घेतली की नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. आणि तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो. तो कोड फॉर्ममध्ये टाकलाच नाही तर आपोआप कोणी देत नाही. दरवर्षी इथेच गडबड होते. पोरं साधा कोड टाकतात, टीएफडब्ल्यूएसवर टिक केलेली असते आणि त्यांना वाटतं झालं काम.

वैशाली (सी-३०२): मुलीला टीएफडब्ल्यूएस टाकायचं का मग?

कुलकर्णी सर (ए-१०१): तिची ट्यूशन तशीही माफ आहे. तिच्यासाठी तीच शाखा साध्या जागेवर ओबीसी किंवा लेडीज कोट्यातून मिळायची शक्यता जास्त. साधे कोड आधी, टीएफडब्ल्यूएस जमलं तर नंतर. जाधवांच्या मुलाचं उलटं.

मीनाकाकू (बी-१०३): ते कटऑफची यादी बघायची कशी ते सांगा हो कोणीतरी. जीओपीईएनएच, एलओबीसीएच, नुसती अक्षरंच अक्षरं.

कुलकर्णी सर (ए-१०१): पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. वैशालीताईंच्या मुलीने जीओबीसीएच आणि एलओबीसीएच हे दोन रकाने बघायचे. जीओपीईएनचा रकाना बघून घाबरायचं कारण नाही.

कुलकर्णी सर (ए-१०१): आता आपल्याकडचा खास घोळ. होम युनिव्हर्सिटी राहत्या घरावरून नाही, बारावी कुठून पास झाली त्यावरून ठरते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इथे बारावी केली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली इथे केली तर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. म्हणजे संभाजीनगरचं पोर अकरावी-बारावीला लातूरला गेलं की इथल्या कॉलेजच्या ओ रकान्यात जातं. कॉलेजची होम युनिव्हर्सिटी कोणती ते यादीत कॉलेजच्या नावाखालीच छापलेलं असतं, ती बघून आपला रकाना ठरवा.

जाधव (डी-४०२): अरे बापरे. मुलगा लातूरलाच होता.

कुलकर्णी सर (ए-१०१): मग नांदेडच्या बाजूची कॉलेजं त्याची होम झाली, ती आधी तपासा. एस लिहिलेल्या जागांना याचा फरक पडत नाही. आणि पर्सेंटाइलऐवजी राज्याचा मेरिट नंबर जुळवा. यादीत दोन्ही असतात. किती मुलं परीक्षेला बसली यावर त्याच पर्सेंटाइलचा मेरिट नंबर दरवर्षी हलतो. शेवटच्या फेरीची यादी घ्या, मागच्या दोन वर्षांची तरी. दोन्ही वर्षी तुमचा नंबर आत बसत असेल तर ती भरवशाची, एका वर्षी बसला तर अर्धी-अर्धी.

कुलकर्णी सर (ए-१०१): ९१ ला शासकीय अभियांत्रिकी, संभाजीनगर किंवा नांदेडच्या एसजीजीएस कॉलेजला कॉम्प्युटर मिळणं अवघड वाटतं, खोटी आशा देत नाही. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल तपासा. माझं मत विचाराल तर शासकीय किंवा अनुदानित कॉलेजची दुसरी शाखा ही साध्या कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा कमी पैशात जास्त देते. पण शाखा पोरीला शिकायचीय, तिलाच विचारा.

मीनाकाकू (बी-१०३): ते फ्रीझचं, म्हणजे लागलेली सीट घ्यावीच लागते त्याचं पण सांगा ना सर, गेल्या वर्षी लई गोंधळ झाला होता म्हणे.

कुलकर्णी सर (ए-१०१): २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत १ नंबरचा चॉइस लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ पैकी काहीही लागलं तर बंधनकारक, तिसऱ्यात पहिल्या ६ पैकी. चौथ्यात जे मिळेल ते अंतिम. नाकारलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहा जागांवर "टाकून तर बघू" म्हणून काहीही टाकायचं नाही. तिथे असंच कॉलेज हवं जिथे पोरगी आनंदाने जाईल आणि घराला परवडेल. सातव्यापासून खाली मोकळेपणाने भरा, ३०० पर्यंत चॉइस चालतात. वरचा चॉइस अवघड आहे म्हणून खालचा हातचा जात नाही, यंत्रणा वरून खाली बघत येते. त्यामुळे "सेफ" कॉलेज वर ठेवायची गरजच नाही. ते वर ठेवलं तर पहिल्याच फेरीत अडकाल.

शेख भाई (बी-२०४): कागदांचं मी सांगतो, सेवा केंद्रावर रोज तेच बघतो.
नॉन-क्रिमिलेअर चालू पाहिजे, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध. मागच्या वर्षीचं आणून पोरं रडतात.
जात पडताळणी: व्हॅलिडिटी नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती अपलोड करता येते, पण दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर सीट ओपनमध्ये गणली जाते. ओपनच्या मेरिटमध्ये बसत नसेल तर सीट गेली. ज्यांनी नवीन कुणबी प्रमाणपत्र काढलंय त्यांनाही व्हॅलिडिटी लागतेच.
उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच. फॉर्म १६ त्याच्या जागी चालत नाही. आई-वडील दोघांचं मिळून उत्पन्न धरतात.

जाधव (डी-४०२): भाई, ईडब्ल्यूएस काढून ठेवू का जोडीला? दोन्हीकडून प्रयत्न होईल.

शेख भाई (बी-२०४): राज्याच्या प्रवेशाला नाही चालत भाऊ. एसईबीसीत आहात तर ईडब्ल्यूएस मिळत नाही. पण केंद्रात एसईबीसी प्रवर्गच नाही. तिथे, म्हणजे जोसाला (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश फेऱ्यांना), केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस लागतं. त्यात शेती ५ एकरांच्या आत आणि फ्लॅट १,००० चौरस फुटांच्या आत असण्याची अट आहे. ओबीसीवाल्यांनी पण केंद्राचा नमुना वेगळा काढायचा.

कुलकर्णी सर (ए-१०१): जेईई दिली असेल तर एनआयटी सोडू नका. पैशाच्या भीतीने लोक फॉर्मच भरत नाहीत. एनआयटीची ट्यूशन वर्षाला सव्वा लाख, पण उत्पन्न १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. उरतात साधारण ४२ हजार. १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, आणि एससी, एसटी, दिव्यांगांना उत्पन्न न बघता पूर्ण माफ. आयआयटीलाही माफीचा हाच नियम. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात.

वैशाली (सी-३०२): जेईईत फार काही नाही सर. बाहेरगावी लागलं तर होस्टेलचं कसं? फी माफ झाली तरी मेस आणि रूम आहेच.

शेख भाई (बी-२०४): ताई, तीच खरी अडचण. ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिची मर्यादा अडीच लाख, तुमचं त्याच्या वर जातंय. एससी-नवबौद्धांच्या स्वाधार योजनेलाही अडीच लाखच, शहरानुसार ६० हजारांपर्यंत मिळतात. जाधवांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघता येईल, अल्पभूधारक दाखला तहसीलमधून काढा. ताई, तुम्ही एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती बघा, मुलींना वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. त्याच पोर्टलवर १२ हजारांची केंद्राची योजना पण आहे, पण ती फी माफी घेणाऱ्याला चालत नाही, दोन्ही भरलं तर अडकाल.

सुनील (ए-३०३): बँकेच्या बाजूने. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा शून्य, वर ५ टक्के. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यात धरता येतो, म्हणून फी माफ असली तरी त्यापुरतं छोटं कर्ज काढता येतं. पीएम विद्यालक्ष्मीत व्याजावर ३ टक्के सवलत आहे, पण फक्त यादीतल्या संस्थांना, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ती सवलत नाही. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू. मधल्या काळात व्याज चालूच असतं, जमेल तसं ते भरत राहिलं तर पुढे बोजा हलका होतो.

शेख भाई (बी-२०४): आणि मुलीचं खातं आधार सीडेड, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेलं आहे का बघा. केवायसीला आधार दिला म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. दोन खाती असतील तर जे शेवटी सीड केलं त्यातच पैसे येतात. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म दरवर्षी भरायचा, नूतनीकरण आपोआप होत नाही.

वैशाली (सी-३०२): कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली तर?

कुलकर्णी सर (ए-१०१): शासन निर्णय दाखवा आणि लेखी अर्ज द्या, त्याची पोहोच घ्या. फक्त डेव्हलपमेंट आणि इतर शुल्काची पावती वेगळी मागा. मूळ कागद कॉलेजात ठेवू नका, ते पडताळणी करून परत द्यायचे असतात. आणि प्रवेश ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केला तर कॅपच्या कॉलेजने १ हजार कापून बाकी परत द्यायचे असतात.

वैशाली (सी-३०२): उद्या त्या विद्यापीठवाल्याला नाही म्हणून सांगते. सर, मुलगी रविवारी यादी घेऊन आली तर चालेल का?

कुलकर्णी सर (ए-१०१): या. मागच्या दोन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या याद्या डाउनलोड करून आणा, जाधव तुम्ही पण. दोघांचे पहिले सहा चॉइस एकदम बसून ठरवू.

शेख भाई (बी-२०४): जाधव, व्हॅलिडिटीची पावती आहे का आधी ते सांगा. नसेल तर सोमवारी सकाळी आपल्याला समितीच्या ऑफिसला जावं लागेल.