कॉलेजचा पहिला लॅपटॉप कसा निवडलात? अनुभव सांगा

लातूरकर: काल भाच्याची इंजिनिअरिंगची ॲडमिशन नक्की झाली आणि रात्री लगेच त्याचा फोन, मामा लॅपटॉप कुठला घेऊ. एकदम २००९ आठवलं. पप्पांनी सोयाबीनची पट्टी हातात आल्यावर दिवाळीत मला ३२ हजारांचा लॅपटॉप घेऊन दिला होता, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्डडिस्क. आईने झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी पुसायला गेलो तर पप्पा म्हणाले राहू दे रे. पुसत पुसत गेलं ते, पण कडेचा एक लाल ठिपका चौथ्या वर्षापर्यंत होता. तेव्हा विचारायला कुणीच नव्हतं, दुकानदाराने पुढे ठेवला तो घेतला. भाच्याचं तसं नको व्हायला. तुमचं काय झालं ते लिहा.

आर्किची आई: दादा आधी शाखा सांगा!! आम्ही लेकीला मॅकबुक एअर घेतलं, हलकं, बॅटरी दिवसभर, सगळे म्हणाले मस्त. पुढे रेव्हिट (इमारतींचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) शिकायची वेळ आली, ते मॅकवर चालतच नाही, आणि ॲपलची एम१ चिप असल्याने बूटकॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) विंडोज टाकायची सोयही नाही. ग्राफिक्स कार्डवाला दुसरा घ्यावा लागला. कॉमर्स-आर्ट्सच्या पोरांना तेच मॅक उत्तम, मशीनला दोष नाही, आम्ही सिलॅबस बघितला नाही.

रूम नं ३०४: वजन हातात धरून बघा. माझा गेमिंगवाला अडीच किलोचा वर चार्जर विटेएवढा. लॅबला जायचं म्हणजे चौथा मजला. वर्गात प्लग दोनच, तेही मागच्या भिंतीला, आणि बॅटरी दोन तासांत झोपायची. महिनाभरात तो खोलीवरच राहायला लागला, मी मित्राच्या लॅपटॉपवर नोट्स.

सदाशिव पेठी: पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा, घ्यायचा नसला तरी भाव कळतो. मी बाबांबरोबर गेलो होतो, तीन तास फिरलो, बाबा प्रत्येक दुकानात एकच विचारायचे, "बिघडला तर कुणाकडे यायचं?" नंतर आम्ही चहा प्यायला बसलो आणि त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं की तुला नक्की काय व्हायचंय. लॅपटॉप कुठला घेतला ते खरंच आठवत नाही आता.

आर्किची आई: किती छान लिहिलंत 🙏

बँकवाला: घाईत लिहितोय, काउंटरवर गर्दी आहे. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर कोर्ससाठी लागणारा कॉम्प्युटर त्यात धरता येतो. अर्जाबरोबरच कोटेशन जोडा, नंतर आणलं की पोरांची धावपळ होते. फार जण आधी खिशातून भरतात आणि मग विचारतात.

लातूरकर: हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, ताईला आत्ताच कळवतो.

जुनं ते: सेकंडहँड घेताना प्रोसेसर बघा बरं का. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा असेल तर बहुतेक विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. घरात जुना पडून असेल आणि त्यात फिरती हार्डडिस्क असेल तर काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. मी भावाच्या जुन्याला टाकली, चालू व्हायला आधी चहा होऊन जायचा, आता बटण दाबलं की समोर. पहिल्या वर्षाचं सी, पायथन आरामात झालं त्याच्यावर.

रूम नं ३०४: +१ आणि रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे की स्लॉट आहे ते विचारा. माझ्या रूमीची ८ जीबी कायमची ८ च राहिली, वाढवताच येईना.

लातूरकर: सगळ्यांचे मनापासून आभार. भाचा मेकॅनिकलला आहे, पुढे सॉलिडवर्क्स (यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) लागेल, म्हणजे विंडोजच. १६ जीबी, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पण दोन किलोच्या आत मिळतोय का बघतो. तोही महिनाभर थांबायला तयार आहे, सीनियर्सना विचारून घेऊ म्हणतो. ताई आत्ताच विचारतेय कुंकू झाकणावर लावलं तर चालतं ना.

सदाशिव पेठी: चालतं, लावा.

औसा रोड: लातूरला कुठे तुम्ही? आम्ही औशाचे, यंदा सोयाबीनला भाव काय मिळाला?